यॉटच्या ऑनलाइन लिस्टिंगचा खर्च: तो मोजायचा कसा आणि कमिशन गिळण्याआधी आवरायचा कसा

मी पुण्यात बसून फ्लोरिडातल्या दोन छोट्या यॉट ब्रोकर ऑफिसांचं, म्हणजे लोकांच्या खासगी बोटी विकून देणाऱ्या दलालांचं, लिस्टिंग (विकायच्या बोटींच्या ऑनलाइन जाहिराती) आणि हिशेब सांभाळतो. उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे साडेसहा वाजले की तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात. आईच्या मते मी रात्रभर होड्या विकतो. खरं तर ज्या होड्या विकल्या जात नाहीत, त्यांच्यावर किती पैसे गेले हे लिहून ठेवणं हेच माझं निम्मं काम आहे.

हा लेख फोर्ट लॉडरडेल, स्टुअर्ट, सेंट पीटर्सबर्ग अशा ठिकाणी दोन-चार माणसांचं ऑफिस चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि माझ्यासारखं मागचं काम करणाऱ्यांसाठीही. बोटमालकाने वाचला तर आपला ब्रोकर लहान बोट घ्यायला का कां-कूं करतो, हे त्याला कळेल. चूक जवळपास सगळीकडे तीच असते. पोर्टलचं, म्हणजे या जाहिराती दाखवणाऱ्या साइटचं, महिन्याचं बिल येतं, त्याला यादीतल्या बोटींच्या संख्येने भागतात, "बोटीमागे साठ डॉलर, स्वस्तच आहे की" म्हणतात आणि आणखी चार बोटी यादीत घेतात. डिसेंबरात खात्यात शिल्लक का नाही, हे कोडं मग सुटत नाही.

## सुरू करण्याआधी: हाताशी काय हवं

मागच्या बारा महिन्यांची सगळी बिलं हवीत, फक्त मुख्य पोर्टलचं नव्हे. प्रत्येक बोट यादीत आल्याची तारीख आणि विकली, काढून घेतली किंवा करार संपला ती तारीख हवी. विकलेल्या प्रत्येक बोटीचं एकूण कमिशन आणि त्यातला ऑफिसला उरलेला वाटा हवा. आणि जाहिरातीच्या करारांची प्रत हवी, कारण नूतनीकरणाची तारीख आणि नोटिशीची मुदत तिथेच असते.

एक वर्षापेक्षा कमी काळाचा हिशेब घेऊ नका. फ्लोरिडाचा धंदा हंगामी आहे. ऑक्टोबरअखेर फोर्ट लॉडरडेलचा बोट शो, फेब्रुवारीत मायामीचा, मार्चमध्ये पाम बीचचा; आणि १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. फक्त हिवाळ्याचे आकडे घेतले तर पोर्टल सोन्याची खाण वाटेल, फक्त उन्हाळ्याचे घेतले तर बिनकामाचं.

## टप्पा १: वर्षाचं बिल एका कागदावर आणा

खाली घेतलेलं ऑफिस काल्पनिक आहे. तुमचे आकडे तुमच्या बिलांवरून घाला. यादीत सरासरी २० बोटी, वर्षात ३० नव्या आल्या, १२ विकल्या गेल्या आणि १८ काढल्या गेल्या किंवा त्यांची मुदत संपली.

मुख्य पोर्टल महिन्याला १,२०० डॉलर, म्हणजे वर्षाला १४,४००. दुसरी एक साइट १,८००. वर दिसण्यासाठी घेतलेल्या 'खास' जागा २,४००. स्वतःची वेबसाइट आणि तिला बोटींची माहिती पुरवणारी फीड १,२००. माहिती भरणाऱ्या माणसाचे, म्हणजे माझ्यासारख्याचे, ७,२००. आणि ३० बोटींचे फोटो, प्रत्येकी ३५० धरून १०,५००. बेरीज ३७,५०० डॉलर.

ज्याला लोक 'लिस्टिंगचा खर्च' म्हणतात ते मुख्य पोर्टलचं बिल यात निम्मंसुद्धा भरत नाही.

तपासणी: यॉटवर्ल्ड, बोट ट्रेडर आणि बोट्स डॉट कॉम या तिन्ही साइट एकाच कंपनीच्या, बोट्स ग्रुपच्या आहेत. तुमच्या पॅकेजमध्ये नेमक्या कुठल्या साइटवर बोट दिसते हे लेखी विचारून घ्या. पॅकेजात आधीच असलेल्या गोष्टीचे वेगळे पैसे देणारं ऑफिस मी पाहिलं आहे.

## टप्पा २: दिवसाचा भाव काढा

फोटोंचा खर्च बोटीमागे एकदाच होतो, म्हणून तो बाजूला ठेवा. उरले २७,००० डॉलर. यादीत सरासरी २० बोटी, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे ७,३०० 'बोट-दिवस'. भागाकार केला की बोटीमागे रोजचे सुमारे ३ डॉलर ७० सेंट येतात. हा तुमचा दिवसाचा भाव. तो मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

आता दोन बोटी शेजारी ठेवून बघा.

पहिली, १९८०च्या दशकातली ३६ फुटी तैवानी बनावटीची ट्रॉलर (मासेमारीची नव्हे, मुक्कामाच्या सफरीची संथ मोटरबोट), विकली ४०,००० डॉलरला. दहा टक्के कमिशन धरलं तर ४,०००. गिऱ्हाईक दुसऱ्या ब्रोकरने आणलं, निम्मे त्याचे, राहिले २,०००. त्यातले निम्मे तुमच्या सेल्समनचे, ऑफिसला १,०००. बोट यादीत २४० दिवस होती: २४० गुणिले ३.७० म्हणजे ८८८, अधिक फोटोंचे ३५०, एकूण १,२३८. ऑफिसला २३८ डॉलरची खोट, आणि सेल्समन मात्र "आणखी एक विकली" म्हणून खूश. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार.

दुसरी, ४,२०,००० डॉलरची मोटरयॉट. त्याच वाटणीने ऑफिसला १०,५००. ११० दिवसांचे ४०७ आणि फोटोंचे ३५०, खर्च ७५७.

दोन्हींसाठी पोर्टलचा दिवसाचा भाव एकच. लहान बोट वाईट असते असं नाही, तिला थांबायला वेळ कमी असतो एवढंच. ट्रॉलरचा हिशेब उलटा करा: १,००० मधून ३५० वजा करून ३.७० ने भागलं की साधारण १७५ दिवस. त्याच्या आत विकली तर पदरात काहीतरी पडतं, पुढच्या प्रत्येक दिवसाचे पैसे खिशातून.

शिवाय न विकल्या गेलेल्या अठरा बोटींचा भार कुणीतरी वाहायचाच आहे. तो वाहतात विकलेल्या बारा: ३७,५०० भागिले १२ म्हणजे विकलेल्या बोटीमागे ३,१२५ डॉलर. म्हणून दोन आकडे कायम सोबत ठेवा. दिवसाचा भाव एका बोटीचा निर्णय घेताना, विक्रीमागचा भाव वर्षाचा निर्णय घेताना. या दोन्हींची अदलाबदल केली की गोंधळ होतो.

थांबा: विकलेल्या बोटींमध्ये दुसऱ्या ब्रोकरची बोट तुमच्या गिऱ्हाइकाला विकलेली असेल तर ती इथे मोजू नका. तिच्या लिस्टिंगचा खर्च त्याने केला आहे.

## टप्पा ३: बोट बघूनच किंमत बोला

'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' ही म्हण या धंद्यात शब्दशः लागू पडते. मालकाचा फोन येतो, तो सांगतो, "माझ्यासारखीच बोट ऑनलाइन १,८५,०००ला आहे." ती बोट १,८५,०००ला *लावलेली* आहे, विकली गेलेली नाही. कदाचित दीड वर्ष तिथेच लटकते आहे.

क्रम असा ठेवा. आधी बोटीवर जा. इंजिनाचे तास, इंजिनरूममधला वास, डेक पायाखाली दबतो का, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, पाणी आहे की तेल, हे स्वतः बघा. मग विक्रीच्या खऱ्या किमती काढा. सभासद ब्रोकरांना त्या सोल्डबोट्स या विक्रीच्या नोंदींच्या ऑनलाइन संग्रहात दिसतात. ते आकडे ब्रोकरांनीच भरलेले असतात, म्हणून एका आकड्यावर विसंबू नका, त्याच मॉडेलचे पाच-सहा तरी बघा. त्या विक्रीची तारीखही बघा. २०२१-२२च्या कोविडकाळातल्या किमती आज समोर ठेवल्या तर मालकाला तुम्हीच चढवून ठेवता.

त्यानंतर मालकाला एक प्रश्न विचारा, जो विचारायला सेल्समन लाजतात: "बोटीवर कर्ज किती बाकी आहे?" अपेक्षित किंमत वजा कमिशन हे बाकी कर्जापेक्षा कमी असेल, तर फरक मालकाने खिशातून भरल्याशिवाय व्यवहार पूर्ण होणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे मालक पुष्कळ भेटतात. हे उत्तर सर्व्हेनंतर (गिऱ्हाइकाच्या तज्ज्ञाने बोट तपासल्यानंतर) कळण्यापेक्षा पहिल्या भेटीत कळलेलं बरं.

तपासणी: मालकाची किंमत आणि तुमची किंमत यांत पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर असेल आणि बोट लहान असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. पंधरा हा माझा आकडा आहे, कुठला नियम नाही. पण काहीतरी आकडा ठरलेला असू द्या, नाहीतर प्रत्येक वेळी दया येते.

## टप्पा ४: करार, आणि त्यातली खर्चाची कलमं

करार आधी, लिस्टिंग मग. "सही उद्या करतो, तोवर टाकून तर ठेवा," या वाक्याला बळी पडू नका. फ्लोरिडात ३२ फुटांपेक्षा लांब आणि ३०० ग्रॉस टनांपेक्षा कमी वजनाच्या बोटीची मोबदला घेऊन दलाली करायला राज्याचं लायसन्स लागतं. कायद्याचं प्रकरण ३२६. जाहिरातीवर नाव लायसन्सधारकाचं जातं, तेव्हा अधिकाराचा कागद हातात हवा. माझ्याकडे लायसन्स नाही. म्हणून मी माहिती भरतो, फोटो लावतो, पण गिऱ्हाइकाशी किंमत बोलत नाही. पुण्या-नाशकातून हे काम करणाऱ्यांनी ही रेघ पाळावी.

उघडा करार, म्हणजे मालक एकाच वेळी तीन ब्रोकरांना बोट देतो, शक्यतो घेऊ नका. तिघेही पोर्टलचे पैसे भरणार, एकाला कमिशन मिळणार. तीच बोट तीन ठिकाणी तीन किमतींना दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, मालक घायकुतीला आलाय. एकट्या तुमच्याशी बांधलेला, पण इतर ब्रोकरांना गिऱ्हाईक आणू देणारा मध्यवर्ती करार यासाठी योग्य.

करारात खर्चासाठी चार गोष्टी हव्यात. एक, किमान कमिशन: टक्केवारी किंवा ठरलेली रक्कम, यांतलं जे जास्त असेल ते. दोन, मुदतीआधी बोट काढून घेतली तर फोटो आणि जाहिरातीचा झालेला खर्च मालकाने द्यावा, आणि त्या खर्चाची कमाल मर्यादा आकड्यात लिहिलेली असावी. तीन, किंमत पुन्हा बघण्याच्या तारखा. चार, फोटो कुणाच्या मालकीचे. मसुदा तिथल्या सागरी कायद्याच्या वकिलाला एकदा दाखवा. एकदाच पैसे जातात.

सही करणारा खरंच मालक आहे ना? बोट कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीतर्फे सहीचा अधिकार कुणाला, तो कागद मागा. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या.

थांबा: "दहा टक्के हेच स्टँडर्ड आहे" असं ईमेलमध्ये कधी लिहू नका. दहा टक्के हा रिवाज आहे, कायदा नाही. नेमक्या याच विषयावर, म्हणजे कमिशन ठरवण्याच्या पद्धतीवर, २०२४ मध्ये दक्षिण फ्लोरिडाच्या फेडरल कोर्टात दावे दाखल झाले. तुमच्या ऑफिसचं कमिशन तुमचं म्हणून सांगा.

## टप्पा ५: कागद आणि मापं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यांची किंमत सर्व्हेच्या दिवशी मोजावी लागते.

माझीच सांगतो. सुरुवातीच्या वर्षी एका बोटीची माहिती मी आधीच्या ब्रोकरच्या जुन्या जाहिरातीवरून उतरवली. कोथरूडला पाऊस पडत होता, वीज जायची भीती होती, घाई होती. वर्ष लिहिलं २००७. गिऱ्हाइकाचा सर्व्हेअर बोटीवर गेला, आणि मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेल्या हल क्रमांकाचे (गाडीच्या चेसिस नंबरसारखा बोटीचा ओळख क्रमांक) शेवटचे चार वर्ण त्याने वाचले: डी५०६. बोट एप्रिल २००५ मध्ये बांधलेली, मॉडेल-वर्ष २००६. गिऱ्हाइकाला आता वाटू लागलं, वर्षच खोटं तर बाकी काय खरं? व्यवहार झाला, पण किंमत पाडून झाली आणि मालकाने माझ्या साहेबांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे.

हल क्रमांक. अमेरिकी पद्धतीचा बारा वर्णांचा असतो. पहिली तीन अक्षरं बोट बांधणाऱ्या कंपनीची, पुढचे पाच वर्ण अनुक्रमांक, मग महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं पुढे), वर्षाचा शेवटचा अंक, आणि शेवटचे दोन अंक मॉडेल-वर्षाचे. १९८४च्या आधीच्या बोटींवर वेगळी रचना सापडू शकते. अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, त्यामुळे गोल दिसणारी खूण शून्यच. क्रमांकाचा फोटो मागवा, स्वतः वाचा, कागदपत्रांशी ताडा. पण तो फोटो जाहिरातीत टाकू नका. पूर्ण क्रमांक चोरून बनावट जाहिराती निघतात.

मालकी. पाच नेट टन किंवा त्याहून मोठी बोट अमेरिकी कोस्ट गार्डकडे नोंदलेली असू शकते. तशी असेल तर मालकी आणि कर्जांचा इतिहास दाखवणारा 'ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल' लिस्टिंगच्या आधीच काढा. राज्याकडे नोंद असेल तर टायटलची, म्हणजे मालकीच्या दाखल्याची, प्रत. फेडलेल्या कर्जाचा बोजा नोंदीतून उतरवायचा राहून गेलेला अनेकदा सापडतो, आणि तो उतरवायला लागणारे आठवडे तुमच्या दिवसाच्या भावाने मोजले जातात.

परदेशी झेंड्याची बोट. तिच्यावर अमेरिकेत आयात शुल्क भरलेलं नसेल, तर ती अमेरिकी पाण्यात असताना अमेरिकी रहिवाशांना विक्रीसाठी देऊ केलेली नाही, असं वाक्य जाहिरातीत घालायची पद्धत आहे. ते वाक्य वेबसाइटच्या तळाशी असून भागत नाही. त्या बोटीच्या वर्णनातच हवं. फीडमधून दुसऱ्या साइटवर जाताना ते गळून पडलं का, हेही बघा.

लांबी. मॉडेलच्या नावात ४२ असलं म्हणून बोट ४२ फूट नसते. पुढचा पुलपिट (नाकाबाहेर आलेला कठड्याचा भाग) आणि मागचा पोहण्याचा प्लॅटफॉर्म धरून ती ४६ भरू शकते. मरिना, म्हणजे बोटी लावायचा धक्का, भाडं बहुतेक त्या पूर्ण लांबीवर घेते. दोन्ही मापं वेगवेगळ्या रकान्यांत भरा.

खोली आणि उंची. पाण्याखालची खोली बहामाला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हवी असते, कारण तिथले उथळ पट्टे. शिडाच्या बोटीची पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची तर कधीच रिकामी सोडू नका. किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल जलमार्गावरचे स्थिर पूल साधारण ६५ फुटांचे आहेत, पण मायामीतला जुलिया टटल कॉजवेचा पूल ५६ फुटांचा. साठ फुटी डोलकाठीवाला आतल्या मार्गाने तिथून जाऊच शकत नाही. हा रकाना रिकामा असला की माहीतगार गिऱ्हाईक फोन करत नाही, सरळ पुढच्या बोटीवर जातं. पैसे मात्र त्या दिवसाचेही जातात.

इंजिनाचे तास. तारखेसह लिहा. "५ मार्चला मीटरवर १,२४० तास" असं. विक्री होईपर्यंत मालक बोट फिरवतो, तास वाढतात, आणि नुसता आकडा खोटा ठरतो.

तपासणी: भरलेली माहिती छापील कागदावर मालकाला पाठवा आणि ईमेलने "वाचलं, बरोबर आहे" असं उत्तर घ्या. विशेषतः काय विक्रीत *नाही* ते. डिंगी (सोबतची छोटी होडी), कयाक, आजोबांचं पितळी घड्याळ. घड्याळावरून झालेलं भांडण मी पाहिलं आहे.

## टप्पा ६: फोटो

साफसफाई आधी, फोटोवाला मग. हे सांगावं लागू नये, पण गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, औषधाच्या बाटल्या आणि नातवंडांचे फोटो जाहिरातीत दिसतात तेव्हा सांगावं लागतं.

पहिला फोटो बाजूने घेतलेला, पूर्ण बोट दाखवणारा. इंजिनरूमचे किमान सहा. दोष लपवू नका. फाटलेल्या गादीचा फोटो टाकला तर शंभर मैलांवरून येऊन नाक मुरडणारं गिऱ्हाईक आधीच गळतं, आणि सेल्समनचा शनिवार वाचतो.

ड्रोनवाल्याकडे एफएएचं, म्हणजे अमेरिकी विमान वाहतूक खात्याचं, पार्ट १०७ प्रमाणपत्र आहे का विचारा. धंद्यासाठी ड्रोन उडवायला ते लागतं. फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळाजवळच्या मरिनात तर हवाई हद्दीची परवानगीही लागते.

थांबा: आधीच्या ब्रोकरचे फोटो उचलू नका. ते त्याचे किंवा फोटोवाल्याचे आहेत. बोट बदललेली असू शकते हे निराळंच.

## टप्पा ७: लिस्टिंग चढवा, एकदाच

अर्धवट लिस्टिंग चढवणं ही सगळ्यात महागडी घाई. नवी बोट यादीत आली की शोध जतन करून ठेवलेल्या लोकांना तिची सूचना जाते. त्या वेळी बोटीला दोन अंधुक फोटो आणि "तपशील लवकरच" असेल, तर ती संधी वाया गेली. नंतर चाळीस फोटो टाकले तरी ती लिस्टिंग 'नवी' राहत नाही.

म्हणून आधी मसुदा, सगळे फोटो, मालकाचा होकार, मग प्रकाशन. गुरुवारी सकाळी केलं तर शनिवार-रविवार बोट दाखवायला मोकळे मिळतात. एक काम आधी उरकायचं असतं: हीच बोट आधीच्या ब्रोकरच्या नावाने कुठे अजून दिसते का ते शोधा आणि लेखी विनंती करून काढून घ्या.

चढवल्यावर तासाभराने प्रत्येक साइट फोनवर उघडा, कॉम्प्युटरवर नको. फीडमध्ये फुटाचं मीटर झालेलं, शून्य गळालेलं, ठिकाण चुकलेलं मला दर महिन्याला सापडतं.

'खास' जागेचे पैसे पहिल्या दिवशी लावू नका. नवेपणाचा फायदा फुकट मिळत असताना वर पैसे कशाला? ते किंमत उतरवण्याच्या दिवसासाठी राखून ठेवा.

## टप्पा ८: चौकशा

प्रत्येक चौकशीपुढे तीन गोष्टी लिहा: कुठून आली, किती वेळात उत्तर गेलं, बोट बघायला माणूस आला का. बाकी काही नको.

फक्त एक सांगतो. "बोट कुठे बघितलीत?" या प्रश्नावर गिऱ्हाईक हमखास "इंटरनेटवर" म्हणतं. पुढे विचारा, कुठल्या साइटवर. आणि दुसऱ्या ब्रोकरने गिऱ्हाईक आणलं असेल तर त्या ब्रोकरला विचारा, त्याने बोट कुठे शोधली. पुष्कळदा उत्तर येतं, एमएलएसमध्ये, म्हणजे ब्रोकरांच्या आपापसांतल्या सामाईक यादीत. ही नोंद नसेल तर शेवटच्या टप्प्यातला निर्णय आंधळेपणाने घ्यावा लागतो.

## टप्पा ९: भिजत घोंगडं

करारात लिहिलेल्या तारखा इथे कामाला येतात. माझ्या दोन्ही ऑफिसांत ३०, ६० आणि ९० दिवसांच्या आहेत.

तिसाव्या दिवशी मालकाला एक पान जातं: किती जणांनी बघितली, किती चौकशा, किती जण प्रत्यक्ष आले. बघणारे खूप आणि चौकशा नाहीत, तर किंमत किंवा पहिला फोटो चुकला आहे. चौकशा आहेत, लोक येऊन जातात, पण ऑफर नाही, तर बोट फोटोंपेक्षा वाईट आहे. बघणारेच नाहीत, तर एखादा रकाना चुकला असण्याची शक्यता जास्त. किमतीला हात लावण्याआधी टप्पा ५ पुन्हा करा.

साठाव्या दिवशी किंमत. दर पंधरा दिवसांनी हजार-हजार कमी करत बसू नका. ती घसरण बघून गिऱ्हाईक आणखी थांबतं. एकदाच आणि शोधाची पायरी ओलांडेल इतकी. लोक २,००,०००पर्यंत अशी मर्यादा घालून शोधतात. २,०९,०००वरून २,०४,०००वर आलात तर त्यांच्या दृष्टीने काहीच घडलं नाही. १,९९,००० झालं की तुम्ही नव्या यादीत आलात. 'खास' जागा याच आठवड्यात घ्या.

नव्वदाव्या दिवशी बेरीज मांडून बोला. "तुमच्या बोटीवर आमचे आजवर ६८३ डॉलर गेले." (९० गुणिले ३.७०, अधिक ३५०.) मालकाला हा आकडा कधी कुणी दाखवलेला नसतो. दाखवला की दोनांपैकी एक होतं: तो किंमत ऐकतो, किंवा बोट काढून घेतो. दोन्हीत तुमचा फायदा आहे.

थांबा: जूनमध्ये बोट उत्तरेला हलवली जाते, बऱ्याचदा विम्याच्या अटीमुळे. लिस्टिंगवर ठिकाण 'फोर्ट लॉडरडेल'च राहिलं तर गिऱ्हाईक विमानाचं तिकीट काढून रिकाम्या धक्क्यावर पोहोचतं. मालकाला पंधरा मेच्या सुमारास विचारायची आठवण कॅलेंडरात घाला.

## टप्पा १०: विक्री झाली की, आणि नूतनीकरणाआधी

ऑफर मान्य झाली आणि डिपॉझिट एस्क्रो खात्यात (व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे राखून ठेवणारं खातं) आलं की 'विक्री प्रक्रियेत' अशी खूण लावा, पण लिस्टिंग काढू नका. सर्व्हे आणि सी ट्रायलनंतर (बोट पाण्यात चालवून बघितल्यावर) गिऱ्हाईक मागे फिरू शकतं. पैसे पूर्ण हातात आल्यावर विकल्याची नोंद खऱ्या किमतीने करा, 'खास' जागा दुसऱ्या बोटीकडे वळवा आणि तुमच्या तक्त्यात दिवस मोजून खर्च बंद करा.

नूतनीकरणाच्या नोटिशीच्या मुदतीआधी दोन महिने तक्ता उघडा. विकलेल्या बोटींचे गिऱ्हाईक कुठून आले, ते साइटनुसार मोजा. ज्या साइटने बारा महिन्यांत एकही गिऱ्हाईक दिलं नाही, ती सोडा. दुय्यम साइटच्या बाबतीत हे सोपं आहे.

मुख्य पोर्टल सोडायचा मोह होतो तेव्हा मात्र सांभाळा. इतर ब्रोकर तुमची बोट जिथे शोधतात ती जागा तीच असेल, तर तुम्ही जाहिरात बंद करत नसून दुसऱ्या ऑफिसांतून येणारी गिऱ्हाइकं बंद करत आहात. आधी दुसरी सोय उभी करा. फोर्ट लॉडरडेलच्या आयवायबीए या ब्रोकर संघटनेचं स्वतःचं एमएलएस आहे. तिथे सगळ्या बोटी सहा महिने चालवून बघा, आणि सहब्रोकरांना विचारत राहा. आणि पोर्टलच्या माणसाशी बोलताना चौकशांचा आकडा त्याच्याकडून घ्या, विक्रीचा आकडा स्वतःचा पुढे ठेवा. खालच्या पॅकेजवर यायला बहुतेक वेळा एवढं पुरतं, कारण यादीतल्या पाच मेलेल्या बोटी तोवर तुम्ही काढलेल्या असतात.

एका साहेबांनी मागच्या वर्षी वीसवरून चौदा बोटींवर यादी आणली. काढलेल्या सहांपैकी दोन मालक महिन्याभरात किंमत उतरवून परत आले. त्यांतल्या एकाची बोट टप्पा २ मधल्यासारखीच जुनी ट्रॉलर होती, या वेळी किमान कमिशनच्या कलमासकट.